आराखड्यावरच्या रेषा आणि गावातला वारसा : नागरिकांनी केव्हा आणि काय करावे

गावातला जुना वाडा, नदीकाठचा घाट, बारव किंवा बाजारपेठेतली दगडी इमारत पाडली जाणार असल्याची बातमी कानावर आली, की तक्रार कोणाकडे करायची, कोणत्या कायद्याचा आधार घ्यायचा आणि आपल्याला बोलण्याचा अधिकार आहे की नाही, याविषयी वाचकांच्या मनात नेहमीच गोंधळ उडतो. काही जण पुरातत्त्व खात्याला पत्र लिहितात, काही नगरसेवकाकडे जातात, काही वकील गाठतात, आणि बहुतेकांच्या पदरी ‘हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही’ एवढेच उत्तर पडते. या निराशेचे मुख्य कारण असे, की पाडकाम सुरू होते त्या दिवशी वारसा वाचवण्याची संधी बहुधा संपलेली असते. ती संधी त्याआधी काही महिने, कधी काही वर्षे, शहराचा विकास आराखडा तयार होत असताना येऊन गेलेली असते आणि त्या वेळी तिची दखल फारच थोड्यांनी घेतलेली असते. ती कोणत्या टप्प्यावर येते आणि तिचा उपयोग कसा करून घ्यावा, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

प्रथम ठरवावे : वास्तू कोणाच्या यादीत आहे?

कोणताही अर्ज करण्यापूर्वी आपली वास्तू पुढीलपैकी कोणत्या गटात मोडते, याची खात्री करून घ्यावी, कारण दाद मागण्याचे कार्यालय त्यावरच ठरते.

- केंद्र संरक्षित स्मारक. पुण्याचा शनिवारवाडा किंवा पाताळेश्वर लेणे यांसारखी स्मारके १९५८ च्या केंद्रीय कायद्याखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असतात. २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून १०० मीटरपर्यंतचा पट्टा प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचा पट्टा नियंत्रित असतो. प्रतिबंधित पट्ट्यात नवे बांधकाम करता येत नाही; मात्र १६ जून १९९२ पूर्वीपासून तेथे उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीने करता येते. या पट्ट्यात आपल्याला घराला हातच लावता येणार नाही, असे समजून अनेक रहिवासी गळके छत तसेच ठेवतात. ती समजूत चुकीची आहे.
- राज्य संरक्षित स्मारक. ही स्मारके १९६० च्या राज्य कायद्याखाली राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे असतात.
- स्थानिक वारसा यादीतील वास्तू किंवा वारसा परिसर. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ यात १९९४ साली ‘वारसा इमारत’ व ‘वारसा परिसर’ यांच्या व्याख्या घालण्यात आल्या. वारसा परिसर म्हणजे एकेकट्या इमारतीऐवजी एखादी संपूर्ण आळी, पेठ किंवा चौक जपण्याजोगा ठरवणे. या गटातील निर्णय महापालिका किंवा नगरपरिषद वारसा संवर्धन समितीच्या सल्ल्याने घेते.
- कोणत्याही यादीत नसलेली वास्तू. महाराष्ट्रातील बहुतांश वाडे, घाट, पार, दीपमाळा आणि बारवा याच गटात येतात, आणि हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे.

शंभर वर्षे पूर्ण झाल्याशिवाय वास्तू वारसा ठरत नाही, ही समजूत पहिल्या गटापुरती खरी आहे, कारण केंद्रीय कायदा प्राचीन स्मारकासाठी किमान शंभर वर्षांची अट घालतो. स्थानिक यादीला तशी अट नाही. मुंबईतील ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडील आर्ट डेको शैलीच्या इमारती १९३० च्या दशकापासून उभ्या राहिल्या, आणि २०१८ साली मैदानापलीकडील व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाल्या. त्या नामांकनामागे शासनाइतकाच परिसरातील रहिवासी संघटनांचा दीर्घ पाठपुरावा होता, ही बाब येथे मुद्दाम लक्षात घ्यावी.

श्रेणीचा अर्थ

स्थानिक यादीत वास्तूंना तीन श्रेणी दिल्या जातात. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू येतात आणि मजबुतीसाठी अपरिहार्य असलेल्या कामापलीकडे त्यांच्या आत किंवा बाहेर बदल करता येत नाहीत. दुसऱ्या श्रेणीत प्रादेशिक किंवा स्थानिक महत्त्वाच्या वास्तू येतात. त्यांचे अंतर्गत बदल व नवा वापर शक्य असतो, मात्र दर्शनी भागातील बदल समितीच्या नजरेखालून जातात. तिसरी श्रेणी रस्त्याच्या किंवा वस्तीच्या एकूण रूपात भर घालणाऱ्या इमारतींची असून तिच्यावरील बंधने सर्वांत सैल आहेत. मुंबईत दुसऱ्या श्रेणीचे आणखी दोन पोटभाग आहेत. यादीत नाव येणे म्हणजे घर सरकारजमा होणे नव्हे. मालकी, वारसाहक्क, विक्रीचा अधिकार आणि भाडेकरूंचे हक्क जसेच्या तसे राहतात.

विकास आराखड्याचे टप्पे आणि नागरिकांची संधी

विकास आराखडा, ज्याला बोलण्यात ‘डीपी’ म्हणतात, तो पुढील साधारण वीस वर्षांसाठी शहरातील रस्ते, आरक्षणे व जमिनींचे वापर ठरवतो. जुन्या गावठाणात वारसा नष्ट होण्याचे मोठे कारण पाडकामाची परवानगी नसून या आराखड्यातली रस्तारुंदीकरणाची रेषा असते. नऊ मीटरचा बाजाररस्ता बारा मीटर दाखवला गेला, की दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर पट्टी जाते. कागदावर ही पट्टी किरकोळ दिसते. परंतु वाड्याचे सगळे वैभव, म्हणजे घडीव जोते, दिंडी दरवाजा, लाकडी सज्जा आणि ओसरी, याच दीड मीटरात सामावलेले असते, आणि ते गेल्यावर मागे उरते ती जपण्याचे कारण उरलेले नाही अशी उघडी पडलेली भिंत. मालकाला नवीन बांधकामाची परवानगीही या नव्या रेषेपासून मागे सरकूनच मिळते, त्यामुळे महापालिकेने प्रत्यक्ष काही पाडले नाही तरी आळी एकेका पुनर्बांधणीबरोबर बदलत जाते.

हे थोपवण्याच्या संधी १९६६ च्या नगररचना अधिनियमात पुढील टप्प्यांवर आहेत.

1. इरादा जाहीर होणे (कलम २३). आराखडा तयार करण्याचा इरादा राजपत्रात व वर्तमानपत्रात प्रसिद्ध होतो आणि सूचना मागवल्या जातात. वारसास्थळांची यादी सादर करण्याची सर्वांत योग्य वेळ हीच, कारण या वेळी कोणतीही रेषा ओढलेली नसते आणि कोणत्याही अधिकाऱ्याला आपला निर्णय मागे घ्यावा लागत नाही.
2. विद्यमान जमीन वापर नकाशा (कलम २५). जागेवर आज प्रत्यक्ष काय आहे, हे या नकाशात दाखवले जाते. यात घाट ‘मोकळी जागा’ आणि बारव ‘पडीक जागा’ म्हणून नोंदली गेली, तर पुढचे आरक्षण त्या नोंदीवरच बेतले जाते. हा नकाशा मागवून आपल्या प्रभागापुरता तरी तपासावा.
3. प्रारूप आराखड्याची प्रसिद्धी (कलम २६). येथे हरकती व सूचनांसाठी साधारणपणे ३० दिवस मिळतात. नेमकी मुदत सूचनेत दिलेली असते. आराखडा पाहणीसाठी खुला ठेवणे आणि त्याच्या प्रती किंवा उतारे वाजवी किमतीत उपलब्ध करून देणे हे नियोजन प्राधिकरणाचे कर्तव्य आहे.
4. सुनावणी (कलम २८). स्थायी समितीचे सदस्य आणि बाहेरून नेमलेले तज्ज्ञ यांची नियोजन समिती हरकतदारांचे म्हणणे ऐकते.
5. शासनाची मंजुरी (कलम ३१). शासन सारभूत स्वरूपाचे फेरबदल सुचवते तेव्हा तेवढ्या भागापुरत्या हरकती पुन्हा मागवल्या जातात. सुनावणी झाली म्हणजे सर्व संपले, असे समजून अनेक जण या सूचनेकडे लक्षच देत नाहीत.
6. मंजूर आराखड्यातील किरकोळ फेरबदल (कलम ३७). आराखडा मंजूर झाल्यावरही आरक्षण किंवा रस्ता बदलायचा असल्यास सूचना प्रसिद्ध करून एक महिन्यात हरकती घ्याव्या लागतात.

याखेरीज महापालिका आपल्या स्वतंत्र अधिनियमाखाली रस्त्याची नियमित रेषाही आखू शकते. आराखड्यात रुंदीकरण नाही म्हणून निश्चिंत न राहता ही रेषा आपल्या रस्त्याला लागू आहे का, हे पथ विभागात विचारून घ्यावे.

नागरिकांच्या हरकतींना कोणी विचारत नाही, असे निराशेने बोलले जाते. मुंबईचा अनुभव वेगळे सांगतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रारूप आराखड्यात विद्यमान रस्ते, उद्याने आणि वारसा वास्तू यांच्या नोंदींत असंख्य चुका असल्याचे नागरिकांनी प्रभागाप्रभागांत नकाशे पसरून दाखवून दिले, हरकतींचा ढीग साचला, आणि एप्रिल २०१५ मध्ये राज्य शासनाला तो मसुदा नव्याने करण्याचा आदेश द्यावा लागला. गोव्यातही ‘प्रादेशिक आराखडा २०११’ लोकांच्या तीव्र विरोधानंतर जानेवारी २००७ मध्ये मागे घेतला गेला. दोन्ही ठिकाणी लोकांनी आंदोलनाइतकेच नकाशाच्या वाचनाला महत्त्व दिले होते.

परिणामकारक हरकत कशी लिहावी

‘आमच्या गावाचा वैभवशाली वारसा नष्ट करू नये’ एवढेच लिहिलेली हरकत समितीसमोर टिकत नाही, कारण तिच्यावरून कोणती रेषा कोठे हलवायची हे समितीला कळत नाही. हरकतीत जागा, चूक, कारण आणि पर्याय या चार गोष्टी याच क्रमाने असाव्यात. नमुना म्हणून पुढील मसुदा पाहावा.

> प्रारूप विकास आराखड्याच्या पत्रक क्र. … मध्ये … चौक ते … मंदिर हा ९ मीटर रुंदीचा रस्ता १२ मीटर दर्शवण्यात आला आहे. या रेषेमुळे सि. स. नं. … , … व … येथील तीन वाड्यांचा दर्शनी भाग आणि मंदिरासमोरील दगडी दीपमाळ बाधित होते. या वास्तूंची छायाचित्रे व मोजमापे सोबत जोडली आहेत. सदर रस्त्याला समांतर असलेला … रस्ता आजच १५ मीटर रुंद असून जड वाहतूक तेथून वळवणे शक्य आहे. सबब हा रस्ता विद्यमान रुंदीचाच ठेवावा, सदर वास्तू आराखड्यात वारसा वास्तू म्हणून दर्शवाव्यात आणि प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी.

हरकत देताना पुढील बाबी कटाक्षाने पाळाव्यात.

- सिटी सर्व्हे क्रमांक मिळकत पत्रिकेवरून उतरवावा. बोलीभाषेतले नाव, उदाहरणार्थ ‘पाटलांचा वाडा’, केवळ जोडीला द्यावे.
- नगररचना विभागाकडून भाग नकाशा मागवून बाधित जागा त्यावर लाल रेषेने दाखवावी.
- पर्याय दिल्याशिवाय हरकत पूर्ण झाली असे समजू नये. वाहतुकीची अडचण खरी असते, आणि तिच्यावर मार्ग सुचवणाऱ्याचे म्हणणे अभियंताही गांभीर्याने ऐकतो.
- एकाच मजकुराची शेकडो छापील पत्रे देण्याऐवजी प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र हरकत द्यावी. एकसारखी पत्रे एकत्र करून एकाच उत्तरात निकाली काढली जातात.
- शिक्का, दिनांक व आवक क्रमांक असलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये. पुढे उच्च न्यायालयात जाण्याची वेळ आली, तर मुदतीत हरकत दिल्याचा हा एकमेव पुरावा असतो.

हरकत घेण्यासाठी त्या जागेचे मालक असण्याची गरज नाही, संस्थेची नोंदणी असण्याचीही नाही. सुनावणीला एकाच विषयाचे पाच जण गेले, तर बोलणारा एक ठरवावा, नकाशा टेबलावर पसरावा आणि मागणी पहिल्याच वाक्यात सांगावी. वेळ थोडा मिळतो.

यादीत नसलेली वास्तू यादीत कशी आणावी

मुंबईत वारसा नियमावली १९९५ पासून लागू आहे. उर्वरित महाराष्ट्रात, काही विशेष क्षेत्रे वगळता, डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत वारसा जतनाच्या तरतुदी आहेत. यादीत नवी नावे घालता येतात. त्यासाठी आयुक्त किंवा मुख्याधिकारी यांच्याकडे अथवा वारसा समितीकडे प्रस्ताव द्यावा लागतो, त्यावर हरकती मागवल्या जातात, आणि यादीला शासनाची मान्यता घेतली जाते.

प्रस्तावाचा कणा म्हणजे वास्तूची नोंदपत्रिका. ती तयार करायला पदवी लागत नाही. निरीक्षण आणि चिकाटी लागते. चौसोपी वाड्याची नोंद करायची असल्यास जोते घडीव काळ्या दगडाचे आहे की डबराचे, भिंत पांढऱ्या मातीची, कच्च्या विटांची की चुन्यातल्या भाजक्या विटांची, खांबांवर हस्त व महिरपी आहेत का, छत कडीपाटाचे आहे का, कोनाडे, देवळ्या, बळद, आड आणि तुळशीवृंदावन शाबूत आहेत का, हे एकेका ओळीत लिहावे. प्रत्येक बाजूचे छायाचित्र तारखेसह घ्यावे. घरातील ज्येष्ठांकडून बांधकामाचा काळ, बदल आणि तेथे घडलेल्या सार्वजनिक घटना टिपून घ्याव्यात. मात्र ऐकीव माहिती आणि कागदोपत्री पुरावा यांची सरमिसळ होऊ देऊ नये, कारण एक चुकीचा दावा संपूर्ण प्रस्तावाची विश्वासार्हता घालवतो. मोजणीचे आराखडे काढण्यासाठी जवळच्या वास्तुशास्त्र महाविद्यालयाची, तसेच १९८४ साली स्थापन झालेल्या ‘इंटॅक’ या संस्थेच्या स्थानिक शाखेची मदत मागता येते.

मालक आणि भाडेकरू यांना विश्वासात घ्यावे

या कामातली सर्वांत दुखरी बाजू हीच आहे, आणि वारसाप्रेमी तिच्याकडे बहुधा डोळेझाक करतात. वाड्यात राहणाऱ्या कुटुंबाला गळणारे छत, वाळवी, पुरेशी शौचालये नसणे, वाटणीचे वाद आणि पुनर्विकासातून मिळू शकणारा पैसा यांचा रोज सामना करावा लागतो. त्यांना न विचारता वाड्याचे नाव यादीसाठी पाठवणे अन्यायाचे आहे आणि व्यवहारातही घातक ठरते, कारण यादीत नाव लागण्याच्या भीतीने घाईघाईत वाडा उतरवला जाण्याचा धोका असतो. म्हणून प्रस्तावाआधी मालकाशी बोलावे आणि नियमावलीतल्या सवलती त्याला समजावून सांगाव्यात.

- वारसा निर्बंधांमुळे जे बांधकाम करता येत नाही, त्याच्या मोबदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, मिळू शकतो आणि तो अन्यत्र वापरण्यासाठी विकता येतो.
- वास्तू जतन करण्याची हमी दिल्यास वापरात बदल करून तेथे कार्यालय, उपाहारगृह किंवा निवासव्यवस्था चालवण्याची परवानगी मिळू शकते.
- वारसा दुरुस्तीसाठी स्वतंत्र निधी उभारण्याची मुभा स्थानिक संस्थेला आहे. बहुतेक ठिकाणी असा निधी नसतो. अंदाजपत्रकात त्याची तरतूद करावी, अशी मागणी नागरिकांनी दरवर्षी लेखी करावी.

‘धोकादायक इमारत’ अशी नोटीस आल्यास

पावसाळ्यापूर्वी महापालिका मोडकळीस आलेल्या इमारतींना नोटिसा देते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम २६४ त्याचा आधार आहे. या बाबतीत माणसांच्या जिवाला पहिले स्थान द्यावे आणि धोका असलेला भाग तत्काळ रिकामा करावा. त्यानंतर मात्र नोटिशीची प्रत व ज्या अहवालावर ती आधारली तो संरचनात्मक तपासणी अहवाल मागावा, आणि जुन्या लाकडी व चुन्याच्या बांधकामाचा अनुभव असलेल्या अभियंत्याकडून दुसरी तपासणी करून घ्यावी. एक कोपरा खचला म्हणून सबंध वाडा उतरवण्याची गरज नसते. टेकू देऊन, कुजलेली तुळई बदलून उरलेला भाग अनेकदा वाचवता येतो. वास्तू यादीत असेल, तर वारसा समितीचा सल्ला घेतल्याशिवाय तिचे पाडकाम होऊ नये, असे लेखी कळवावे.

सुशोभीकरणापासूनही जपावे

वारशाची हानी शत्रुत्वाने होते त्यापेक्षा अधिक उत्साहाने होते. काळ्या पाषाणाच्या मंदिराला तैलरंग फासणे, घाटाच्या पायऱ्यांवर गुळगुळीत फरशी बसवणे, बारवेच्या कडेने काँक्रीटचा कठडा घालणे आणि चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करणे ही कामे गावोगावी लोकवर्गणीतून आणि सद्भावनेने होतात. चुन्याची भिंत ओलावा शोषते आणि बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा थर चढला की ओल आत कोंडते, विटा भुसभुशीत होतात आणि भिंतीत रोवलेली तुळईची टोके कुजू लागतात. बाहेरून नवी दिसणारी भिंत आतून अशी खचत जाते. म्हणून ग्रामसभेत किंवा मंदिराच्या विश्वस्त मंडळात जीर्णोद्धाराचा विषय निघेल तेव्हा निविदेत चुन्याचे काम, मूळ प्रकारचे लाकूड आणि रंग काढून दगड स्वच्छ करणे या बाबी स्पष्ट लिहाव्यात, आणि काम सुरू होण्यापूर्वी संवर्धनतज्ज्ञाचा लेखी सल्ला घ्यावा.

माहिती मिळत नसल्यास

नकाशा, वारसा समितीची इतिवृत्ते किंवा रस्तारुंदीकरणाचा ठराव दाखवण्यास टाळाटाळ झाली, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा. शुल्क १० रुपये आहे, एका अर्जात एकच विषय सुमारे १५० शब्दांत मांडावा, उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे आणि न मिळाल्यास प्रथम अपील करता येते. हरकतींची मुदतही तेवढ्याच दिवसांची असल्यामुळे आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हा अर्ज करण्यात अर्थ नसतो. तो आधीच करून ठेवावा लागतो.

आपल्या शहराचा आराखडा केव्हा मंजूर झाला आणि त्याच्या सुधारणेचा इरादा जाहीर झाला आहे का, हे नगररचना विभागात एका फेरीत कळते. वाचकांनी ती चौकशी याच आठवड्यात करावी, आणि आपल्या आळीतील निदान पाच वास्तूंच्या नोंदपत्रिका सिटी सर्व्हे क्रमांकासह तयार करून ठेवाव्यात.